दुधात मेलामाइन ‘नाही’, म्हणजे नेमकं किती नाही?

दूध पावडरीच्या तपासणी अहवालात मेलामाइनच्या रकान्यात बहुतेक वेळा ‘एनडी’ असतं. नॉट डिटेक्टेड. वाचणारा त्याचा अर्थ ‘भेसळ नाही’ असा लावतो आणि निर्धास्त होतो. प्रयोगशाळा मात्र एवढंच सांगत असते की आमच्या पद्धतीला ओळखू येईल इतकं ते सापडलं नाही. मग ओळखू यायला किती असावं लागलं असतं? त्या आकड्याला डिटेक्शन लिमिट म्हणतात. लॅबमध्ये सगळे एलओडीच म्हणतात.

एका तरंगलांबीवर एका शिखराची उंची मोजून काम भागत असेल, तर एलओडी काढणं बीएस्सीच्या विद्यार्थ्यालाही जमतं. पण हल्ली नमुन्याचा अख्खा स्पेक्ट्रम (कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला गेला याचा आलेख) घेतात, शेकडो बिंदूंवरची मापं एकत्र गुंफतात आणि त्यातून प्रमाण काढतात. याला मल्टिव्हेरिएट कॅलिब्रेशन म्हणतात. इथे एलओडी कशी काढायची यावर रसायनशास्त्रज्ञ बरीच वर्षं भांडले. त्यातून जे निघालं ते जरा गैरसोयीचं आहे: यंत्राची म्हणून एकच एलओडी नसते, ती नमुन्यागणिक बदलते. हे असं का, ते मेलामाइनच्याच उदाहरणाने पाहू.

सप्टेंबर २००८ मध्ये चीनमधल्या सानलू कंपनीच्या बाळांच्या दूध पावडरीत मेलामाइन असल्याचं उघड झालं, पाठोपाठ इतर कंपन्यांच्या मालातही ते सापडलं. सुमारे तीन लाख बाळं आजारी पडली, अनेकांच्या मूत्रपिंडात खडे झाले, सहा बाळं दगावल्याचं सरकारने मान्य केलं. भारताने त्याच महिन्यात चिनी दूध आणि दुग्धजन्य पदार्थांच्या आयातीवर बंदी घातली आणि पुढे ती वेळोवेळी वाढवली.

मेलामाइन म्हणजे ज्याच्या रेझिनपासून न फुटणाऱ्या ताटल्या बनतात तेच. ते दुधात घालण्यामागे साधा हिशेब होता. प्रथिनं मोजण्याची जुनी आणि आजही मान्य असलेली पद्धत डेन्मार्कच्या योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये दिली. ती प्रथिनं मोजतच नाही, नायट्रोजन मोजते; दुधासाठी त्या आकड्याला ६.३८ ने गुणलं की ‘प्रथिनं’ मिळतात. मेलामाइनच्या वजनातला दोन तृतीयांश भाग नायट्रोजन असतो. म्हणजे १ ग्रॅम मेलामाइन घातलं की अहवालात सव्वाचार ग्रॅम प्रथिनं दिसतात. पाणी घालून पातळ केलेलं दूध कागदावर पुन्हा घट्ट होतं.

पुढे कोडेक्सने, म्हणजे अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेने, मर्यादा ठरवल्या: बाळांच्या दूध पावडरीत किलोला १ मिलिग्रॅम, म्हणजे १ पीपीएम, आणि इतर पदार्थांत २.५ पीपीएम. एवढं कमी प्रमाण पकडायला एलसी-एमएस नावाची पद्धत आहे आणि ती ते चोख पकडते. पण ती महाग आहे, नमुन्याची तयारी वेळखाऊ आहे, आणि डेअरीच्या दारात टँकर उभा असताना तिचा उपयोग नसतो. डेअरीत आधीपासून असतं ते इन्फ्रारेड यंत्र. दुधाचा नमुना आत ओढतं, साधारण ४० अंशाला गरम करतं आणि मिनिटभरात फॅट, प्रथिनं, लॅक्टोज, एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) सांगतं. मग त्याच स्पेक्ट्रममधून मेलामाइनही कळेल का? आणि कळेल तर किती कमी?

‘सापडलं’ म्हणताना होणाऱ्या दोन चुका

आधी एका मापाची साधी गोष्ट. ज्यात मेलामाइन मुळीच नाही असं दूध घ्या. याला ब्लँक म्हणतात. ते यंत्रात पुन्हा पुन्हा तपासलं तर दर वेळी शून्य येणार नाही. कधी ०.३ येईल, कधी उणे ०.५, कधी ०.१. यंत्राची थरथर, तापमानाचा फरक, सगळं त्यात येतं. या आकड्यांच्या पसाऱ्याला, म्हणजे प्रमाण विचलनाला, आपण सिग्मा म्हणू.

आता रेघ कुठे मारायची? १.६५ सिग्मावर मारली तर शुद्ध दुधाच्या १०० तपासण्यांतल्या साधारण ५ वेळा आपण उगाच ‘भेसळ आहे’ म्हणू. ही पहिली चूक, निर्दोषाला दोषी ठरवण्याची. समजा तेवढी चालेल. मग ज्या दुधात खरोखरच १.६५ सिग्माइतकं मेलामाइन आहे, त्याचं काय होईल? त्याची मापं त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना सारखीच पडतील. म्हणजे निम्म्या वेळा ते सुटून जाईल. ही दुसरी चूक, दोषीला सोडून देण्याची. हीसुद्धा ५ टक्क्यांवर आणायची असेल तर नमुन्यात आणखी १.६५ सिग्मा मेलामाइन हवं. दोन्ही मिळून ३.३ सिग्मा. एलओडीच्या सूत्रात जो ३.३ दिसतो तो इथून येतो. सिग्मा सिग्नलच्या एककात असेल तर त्याला कॅलिब्रेशन रेषेच्या (प्रमाण वाढलं की सिग्नल किती वाढतो हे दाखवणाऱ्या रेषेच्या) चढाने भागायचं, की झाली एलओडी.

हा दोन चुकांचा विचार नीट मांडला तो अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या लॉइड करी यांनी, १९६८ मध्ये. त्यांनी त्या काळी प्रचलित असलेल्या वेगवेगळ्या व्याख्या एकाच मोजणीला लावून पाहिल्या. उत्तरांमध्ये जवळजवळ हजारपट फरक आला. आजही ‘तीन सिग्मा’ एवढंच पाठ असलेले लोक रेघही तीन सिग्मावर मारतात आणि एलओडीही तीन सिग्माच सांगतात. म्हणजे एलओडीइतकी भेसळ असलेलं दूध त्यांच्या हातून दर दोनपैकी एकदा सुटतं, आणि अहवालात याचा पत्ताही लागत नाही. निर्दोषाला दोषी ठरवण्याची चूक ओरडून सांगणारा कोणीतरी असतो. सुटलेल्या नमुन्यासाठी कोणी ओरडत नाही, म्हणून ती चूक विसरली जाते.

गर्दीत उरलेला सिग्नल

आता दुधाकडे येऊ. इन्फ्रारेडमध्ये दूध म्हणजे गर्दी. १६४० च्या आसपास (हे आकडे तरंगसंख्येचे, प्रति सेंटिमीटर) पाण्याचा दांडगा पट्टा, १६५० आणि १५५० च्या आसपास प्रथिनांचे दोन पट्टे, १७४५ ला फॅट, हजार-अकराशेच्या भागात लॅक्टोज. मेलामाइनची मोठी शिखरं नेमकी प्रथिनांच्याच अंगणात पडतात. ८१५ च्या आसपास त्याचं एक बारीक, चांगलं ओळखू येणारं शिखर आहे. पावडरीत ते कामाला येतं, पण द्रव दुधात त्या भागातला प्रकाश पाणीच गिळून टाकतं. त्यामुळे एकच बिंदू निवडून ‘ही उंची मेलामाइनची’ असं म्हणता येत नाही. त्या उंचीत प्रथिनांचा वाटा किती, हे कोण सांगणार?

अनेक बिंदू का लागतात ते दोनच बिंदूंच्या हिशेबात दिसेल. आकडे सोयीसाठी घेतले आहेत, खऱ्या दुधाचे नाहीत. समजा एक एकक मेलामाइनमुळे पहिल्या तरंगलांबीवर ३ आणि दुसऱ्यावर ४ इतकं शोषण होतं. एक एकक प्रथिनामुळे पहिल्यावर ४ आणि दुसऱ्यावर ३. नमुन्यात दोन्ही आहेत, प्रथिन किती ते माहीत नाही, आणि आपल्याला फक्त मेलामाइन हवं आहे.

युक्ती अशी: दुसऱ्या मापाला ४ ने गुणा, पहिल्याला ३ ने गुणा आणि वजा करा. प्रथिनाचं काय होतं? ४ गुणिले ३ वजा ३ गुणिले ४, म्हणजे शून्य. प्रथिन कितीही असो, ते गळून पडतं. मेलामाइनचं? ४ गुणिले ४ वजा ३ गुणिले ३, म्हणजे ७. तेव्हा शेवटी ७ ने भागलं की मेलामाइनचं प्रमाण हाती. प्रथिन न मोजता, न वेगळं करता.

पण हे फुकट मिळत नाही. प्रत्येक मापात एक सिग्माची थरथर आहे. एकाला ४ ने आणि दुसऱ्याला ३ ने गुणल्यावर ती वर्गांच्या बेरजेने एकत्र येते: १६ अधिक ९, वर्गमूळ ५. मग ७ ने भागायचं. उत्तरातली थरथर झाली ५ भागिले ७, म्हणजे ०.७१ सिग्मा, आणि एलओडी तिच्या ३.३ पट, २.३६ सिग्मा. मेलामाइन नुसत्या पाण्यात असतं तर त्याचा पूर्ण सिग्नल (३ आणि ४ मिळून लांबी ५) वापरता आला असता आणि एलओडी ३.३ भागिले ५, म्हणजे ०.६६ सिग्मा आली असती. प्रथिनाच्या शेजारामुळे ती साडेतीन पटींनी बिघडली.

हेच दुसऱ्या बाजूने पाहा. मेलामाइनचा एकूण सिग्नल ५. त्यातला प्रथिनासारखा दिसणारा भाग सोडून दिल्यावर उरला १.४. एवढाच भाग फक्त मेलामाइनचा म्हणता येतो. याला नेट अॅनालाइट सिग्नल म्हणतात. १९८६ मध्ये लॉर्बर यांनी ही कल्पना मांडली आणि मल्टिव्हेरिएट पद्धतींमध्ये संवेदनशीलता म्हणजे काय याला पहिल्यांदा ठोस अर्थ आला. आता प्रथिनाचा नमुना ४ आणि ३ ऐवजी ३.१ आणि ३.९ असता तर? तो मेलामाइनच्या ३ आणि ४ शी जवळजवळ तंतोतंत जुळतो. हिशेब केला तर उरतो ०.१४. यंत्र तेच, थरथर तीच, मेलामाइन तेच. एलओडी आणखी दहापट वाईट. शेजारी कोण आहे यावर तुमची नजर किती तीक्ष्ण हे ठरतं.

खऱ्या दुधात शेजारी दोन-तीन नसतात आणि सगळ्यांचे शुद्ध स्पेक्ट्रमही आपल्याकडे नसतात. म्हणून वजा-गुणिले हाताने ठरवता येत नाही. ते काम पीएलएस (पार्शल लीस्ट स्क्वेअर्स) ही संगणकावरची गणिती पद्धत करते. मेलामाइनचं प्रमाण माहीत असलेले पन्नास-शंभर नमुने त्याला द्यायचे. त्यातून ते शोधून काढतं की हजारभर बिंदूंपैकी कशाला किती वजन द्यायचं, म्हणजे मेलामाइन मोजलं जाईल आणि बाकीचं गळून पडेल. अशा शिकलेल्या वजनांच्या संचालाच मॉडेल म्हणतात. आपल्या छोट्या हिशेबातली वजनं होती उणे ३ भागिले ७ आणि अधिक ४ भागिले ७. त्यांची लांबी ५ भागिले ७, आणि तिचा व्यस्त बरोबर १.४. पीएलएसमध्येही असंच. वजनांच्या लांबीचा व्यस्त म्हणजे संवेदनशीलता, मग बिंदू दोन असोत की दोन हजार.

यातच एक सापळा आहे. पीएलएसमध्ये किती घटक (दुधातले नव्हेत, गणितातले) घ्यायचे हे आपण ठरवतो. घटक वाढवत गेलं की कॅलिब्रेशनचे नमुने रेषेवर सुंदर बसत जातात आणि आलेख छापण्यासारखा होतो. पण वजनं मात्र फुगत जातात, एका बिंदूवर मोठं धन, शेजारच्यावर मोठं ऋण. संवेदनशीलता घसरते आणि नव्या नमुन्याची थरथर कैक पटींनी वाढून बाहेर येते.

मॉडेलची स्वतःची चूक

एवढ्याने भागलं असतं तर एलओडी एकच राहिली असती: ३.३ गुणिले थरथर भागिले संवेदनशीलता. पण मॉडेल काही आकाशातून पडत नाही. ते ज्या नमुन्यांवर शिकलं त्यांच्या स्पेक्ट्रममध्येही थरथर होती, आणि त्यांच्यात मेलामाइन किती हे ज्या संदर्भ पद्धतीने ठरवलं तिच्यातही चूक होती. या दोन्ही चुका मॉडेलच्या पोटात जातात आणि नव्या नमुन्याच्या उत्तरात उतरतात. किती उतरतात? ते त्या नमुन्याच्या लीव्हरेजवर अवलंबून असतं. मॉडेलने पाहिलेल्या नमुन्यांच्या मध्यापासून हा नमुना किती दूर आहे, याचं ते माप.

अर्जेंटिनातल्या रोसारिओ विद्यापीठातल्या फ्रांको अलेग्रिनी आणि अलेहांद्रो ओलिव्हिएरी यांनी २०१४ मध्ये हे सगळं आययूपॅकच्या (रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) व्याख्येशी सुसंगत अशा एका सूत्रात बांधलं. वर्गमुळाच्या आत तीन पदं आहेत. एक, नव्या नमुन्याच्या स्पेक्ट्रमची थरथर. दोन, कॅलिब्रेशनच्या स्पेक्ट्रमची थरथर, लीव्हरेजने गुणून. तीन, संदर्भ मापनाची चूक, तीही लीव्हरेजने गुणून. बाहेर आपला जुना ३.३.

पुन्हा समजुतीपुरते आकडे घेऊ. समजा स्पेक्ट्रमच्या थरथरीमुळे उत्तरात २ पीपीएमची अनिश्चितता येते आणि संदर्भ मापनाची चूक ५ पीपीएम आहे. मॉडेलच्या ओळखीच्या, मध्याजवळच्या ब्लँकचं लीव्हरेज ०.०५ धरलं तर एलओडी येते ७.७ पीपीएम. ०.५ लीव्हरेजच्या, कडेच्या ब्लँकसाठी तीच येते १४.२ पीपीएम. यंत्र एक, मॉडेल एक, दिवसही तोच, आणि एलओडी जवळजवळ दुप्पट. म्हणून ओलिव्हिएरी आणि अलेग्रिनी एक आकडा देतच नाहीत. किमान आणि कमाल अशी दोन टोकं देतात. मला हे प्रामाणिक वाटतं, जरी अहवालाच्या रकान्यात ते बसवताना कारकुनाची पंचाईत होते.

ब्लँकचं लीव्हरेज वाढतं कशाने? एक कारण सरळ आहे. कॅलिब्रेशनचे नमुने २०० ते १००० पीपीएमचे बनवले आणि मग विचारलं ‘शून्याजवळ काय दिसतं’, तर शून्य त्यांच्यापासून कोसभर लांब असतं. शोध कमी प्रमाणाचा घ्यायचा असेल तर कॅलिब्रेशनही कमी प्रमाणाचं हवं. हे सांगायला नको, पण शोधनिबंधांत उलटं केलेलं पुष्कळदा दिसतं, कारण मोठी रेंज घेतली की आर-स्क्वेअर (ठिपके रेषेवर किती नीट बसले याचा आकडा) छान येतो.

दुसरं कारण जास्त खोल आहे. एका मापाच्या पद्धतीत ब्लँक एकच असतो: त्यात काही नाही. इथे मात्र ‘मेलामाइन नसलेलं दूध’ हे एक दूध नाहीच. गाईचं दूध आहे, साधारण साडेतीन-चार टक्के फॅटचं. म्हशीचं आहे, सहा-सात टक्क्यांचं. विदर्भातलं उन्हाळ्यातलं दूध आहे आणि कोल्हापूरचं पावसाळ्यातलं आहे, चारा वेगळा, स्पेक्ट्रम वेगळा. सगळ्यांत मेलामाइन शून्य, तरी मॉडेलच्या दृष्टीने प्रत्येक शून्य वेगळ्या जागी. युरोपातल्या गाईच्या दुधावर शिकलेलं मॉडेल म्हशीच्या दुधाला लावलं तर त्याची कॅटलॉगमधली एलओडी विसरून जायची. ती कोणा दुसऱ्याच्या शून्याची आहे.

फॅटचा हिशेब इथे करून पाहण्यासारखा आहे. दोन दुधांच्या फॅटमध्ये ०.१ टक्क्याचा फरक म्हणजे १००० पीपीएम. तो फरक डेअरीत कोणी भुवई उंचावूनही पाहत नाही. त्या खालीवर होणाऱ्या समुद्रात १ पीपीएम मेलामाइन ओळखायचं. इन्फ्रारेड किंवा निअर-इन्फ्रारेडने १ पीपीएमच्या आसपास एलओडी मिळाल्याचे दावे प्रसिद्ध झालेले आहेत. ते खोटे असं मी म्हणत नाही. पण असा आकडा वाचला की मी आधी ब्लँकच्या ओळी शोधतो: किती ठिकाणचं दूध घेतलं होतं? एकाच पाकिटातली पावडर घेऊन तिच्यातच मेलामाइन मिसळत गेलं, तर शेजारी बदलतच नाहीत. फॅट तेच, प्रथिन तेच. अशा प्रयोगात एलओडी अप्रतिम येते आणि ती त्या पाकिटापुरती खरी असते.

झटपट वाटा

वर सांगितलेलं सूत्र नको असेल त्यांच्यासाठी एक सोपा मार्ग आहे. मॉडेलने सांगितलेलं प्रमाण एका अक्षावर, खरं प्रमाण दुसऱ्यावर, आणि त्या ठिपक्यांतून एक सरळ रेषा. मग ही रेषा म्हणजेच एका मापाचं कॅलिब्रेशन आहे असं समजून नेहमीची एलओडी काढायची. आयएसओ ११८४३ या एलओडीविषयीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या चौकटीत हे बसवता येतं आणि दोन्ही चुकांचा विचारही त्यात आहे. तोटा एकच: सगळे नमुने एका रेषेत दाबल्यावर कुठला कडेचा आणि कुठला मध्याचा हा फरक पुसला जातो. हाती येते ती सरासरी एलओडी. रोज एकाच प्रकारचं दूध येणाऱ्या ठिकाणी तेवढी पुरते.

मॉडेलची सरासरी चूक घेऊन तिची तिप्पट एलओडी म्हणून सांगणंही चालतं. ती चूक शून्यापासून हजारपर्यंतच्या सगळ्या नमुन्यांची मिळून असते, तिचा शून्याजवळच्या वागण्याशी संबंध असेलच असं नाही. नाइलाजाने वापरावी अशी ही रीत.

एक गोष्ट मात्र अगदी जवळून पाहायला हवी, कारण ती सॉफ्टवेअरमध्ये लपलेली असते. पीएलएस मॉडेल शुद्ध दुधाला निम्म्या वेळा उणे उत्तर देणार: उणे ३ पीपीएम, उणे ६ पीपीएम. साहजिक आहे, कारण थरथर शून्याच्या दोन्ही बाजूंना असते. पण ‘उणे मेलामाइन’ छापलेला अहवाल कोणाला दाखवायचा? म्हणून अनेक ठिकाणी उणे आकडे शून्य करून साठवायची सेटिंग असते. तसे साठवलेले दहा ब्लँक पुढे कोणी एलओडी काढायला घेतले की त्यातले पाच-सहा चक्क ०, ०, ० असतात. पसारा चाळीसेक टक्क्यांनी आटतो, सिग्मा लहान येतो आणि एलओडी आपोआप ‘सुधारते’. कुणी लबाडी केलेली नसते. नीटनेटकेपणाच्या हौसेने विदा कापला गेलेला असतो. उणे आकडे लोकांना दाखवू नका हवं तर, पण पुसू नका.

मग उपयोग काय?

समजा प्रामाणिकपणे काढलेली इन्फ्रारेडची एलओडी १०० पीपीएम निघाली. कोडेक्सची मर्यादा १ पीपीएम. पद्धत टाकाऊ? इथे भेसळ करणाऱ्याचा हिशेब मांडायचा. केल्डालच्या मापात प्रथिनं ०.१ टक्क्याने वाढवून दाखवायची, म्हणजे किलोमागे १ ग्रॅम. १ ग्रॅम मेलामाइन सव्वाचार ग्रॅम प्रथिनांसारखं दिसतं, तेव्हा त्याला किलोमागे २३५ मिलिग्रॅम, म्हणजे २३५ पीपीएम घालावं लागेल. त्याहून कमी घालून त्याच्या पदरात काही पडत नाही. सानलूच्या पावडरीत सापडलेलं सर्वाधिक प्रमाण किलोला २५६३ मिलिग्रॅम होतं. १०० पीपीएमची पद्धत त्या पावडरीला पहिल्याच दिवशी अडवते. भांड्यातून किंवा पॅकिंगमधून उतरलेलं अर्धा-एक पीपीएम तिला दिसणार नाही, त्यासाठी एलसी-एमएस आहेच. दारात चाळणी इन्फ्रारेडची, शिक्कामोर्तब एलसी-एमएसचं. मात्र चाळणीच्या निकालावर ‘१ पीपीएमच्या मर्यादेत’ असं कोणी लिहू नये.

आपल्याकडे मेलामाइनपेक्षा जवळचा प्रश्न युरियाचा. एसएनएफ वाढवून दाखवायला युरिया घातला जातो, आणि फॅट-एसएनएफवर दर ठरत असल्याने त्यात पैसा आहे. पण युरियाच्या बाबतीत एलओडीचा प्रश्नच बदलतो, कारण युरिया नसलेलं दूध अस्तित्वात नाही. गाई-म्हशींच्या दुधात तो नैसर्गिकपणेच असतो आणि खुराकात प्रथिनं जास्त झाली तर वाढतो. एफएसएसएआयने, म्हणजे आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, १०० मिलीला ७० मिलिग्रॅम अशी वरची मर्यादा धरली आहे. इथे ‘आहे का’ हे विचारून उपयोग नाही. ‘७० च्या वर आहे का’ हे विचारायचं. शून्याच्या जागी ७० ठेवायचे आणि तेच दोन चुकांचं गणित त्याच्यावर रचायचं. समजा त्या पातळीवर मॉडेलची अनिश्चितता ४ आहे. मग ७० अधिक १.६५ गुणिले ४, म्हणजे ७६.६ च्या वर गेल्याशिवाय ‘मर्यादा ओलांडली’ असं म्हणता येत नाही. आणि भेसळ हमखास पकडली जाईल असं म्हणायचं तर ती ८३.२ च्या पुढची हवी. युरोपीय संघाने २००२ च्या आपल्या निर्णयात या दोन पातळ्यांना सीसी-अल्फा आणि सीसी-बीटा अशी नावं दिली.

यंत्रावर ७२ आकडा आला म्हणून शेतकऱ्याचं कॅन परत पाठवणाऱ्या माणसाला हे कोणीतरी सांगायला हवं. त्या ७२ मागे भेसळ असू शकते, पेंड जास्त पडलेली असू शकते, किंवा त्या म्हशीच्या दुधाचं लीव्हरेज जास्त असल्याने मॉडेल नुसतंच डगमगत असू शकतं. तिन्हींत फरक करायचा तर त्या नमुन्याची स्वतःची अनिश्चितता आकड्याशेजारी छापली पाहिजे. गणित उपलब्ध आहे, यंत्राच्या संगणकाला ते क्षणात जमतं. सोय केलेली नसते एवढंच.

एका बाबतीत मात्र अख्खा स्पेक्ट्रम घेणारी पद्धत एका मापाच्या पद्धतीला सहज मागे टाकते. दुधात मॉडेलने कधीच न पाहिलेला पदार्थ आला तर एक बिंदू मोजणाऱ्या यंत्राला काही कळत नाही. उंची वाढली की ते मुकाट्याने प्रमाण वाढवून सांगतं. पीएलएस मॉडेल मात्र त्या नमुन्याचा स्पेक्ट्रम आपल्या ओळखीच्या घटकांतून पुन्हा उभा करून पाहू शकतं. तो नीट उभा राहिला नाही, बराच भाग शिल्लक उरला, तर दुधात काहीतरी परकं आहे. हे परकं काय ते मॉडेल सांगू शकत नाही, आणि अशा नमुन्याला एलओडीही लावता येत नाही, कारण शेजारी कोण हेच ठाऊक नाही. तिथे आकडा छापायचाच नाही. बाटलीवर चिठ्ठी लावून नमुना फ्रीजमध्ये ठेवायचा आणि एलसी-एमएसवाल्यांना फोन करायचा.